दार लावलं असणार की लावलं असतं? एका अहवालाचं प्रकरण

एका प्रयोगशाळेच्या शीतगृहात रात्री तापमान वाढलं आणि नमुन्यांचा एक रॅक वाया गेला. कुणाला इजा झाली नाही. नुकसान विम्यात बसण्यासारखं होतं. चार दिवसांत मिटावं असं हे प्रकरण महिनाभर चिघळलं आणि त्याचं कारण यंत्रात नव्हतं. ते अहवालातल्या एका परिच्छेदात होतं. आठ वाक्यांच्या त्या परिच्छेदात जवळपास प्रत्येक क्रियापदाआधी वुड, कुड, शुड, मस्ट यांपैकी काहीतरी बसलेलं होतं. भाषा तपासायला म्हणून तो कागद माझ्याकडे आला, तोवर रात्रपाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळून गेला होता.

कागद तीन हातांतून गेला होता. घटनेनंतर सकाळी शिफ्ट इन्चार्ज मॅडमनी ऑपरेटरला विचारलं, तो मराठीत बोलला. विमा कंपनीला इंग्रजी लागतं, म्हणून मॅडमनी त्याच दिवशी इंग्रजीत अहवाल लिहिला. पुढे व्यवस्थापनाच्या बैठकीसाठी कार्यालयातल्या एकाने त्या इंग्रजीवरून अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा केला. मेमो निघाला तो या गोषवाऱ्यावरून. मूळ बोलणं आणि गोषवारा, दोन्ही मराठीच. मध्ये फक्त एक इंग्रजी मुक्काम. त्या मुक्कामात होकाराचा नकार झाला.

ऑपरेटर म्हणाला होता, “मॅडम, दार मी लावलंच असणार. रोज अकराच्या फेरीला लावतो, हँडल ओढून बघतो. पण त्या रात्रीचं म्हणाल तर तेवढं वेगळं असं आठवत नाही.” प्रामाणिक उत्तर. मॅडमनी लिहिलं, ‘द ऑपरेटर वुड हॅव क्लोज्ड द डोअर ॲट इलेव्हन.’ गोषवाऱ्यात आलं, ‘ऑपरेटरने अकरा वाजता दार लावलं असतं.’

आता हे शेवटचं वाक्य कुणाही मराठी माणसाला वाचायला द्या. ‘लावलं असतं’ म्हटलं की पुढचा ‘पण’ आपल्या कानात आपोआप वाजतो. लावलं असतं, पण लावलं नाही. बैठकीत तसंच वाचलं गेलं: माणूस स्वतःच म्हणतोय की दार राहिलं. मेमोतला मजकूर तर आणखी एक पाऊल पुढे गेला, ‘आपण दार न लावल्याचे मान्य केले आहे.’

गंमत अशी की मॅडमचं इंग्रजी चूक नव्हतं. ‘वुड हॅव’ला दोन घरं आहेत. शाळेत आपल्याला त्यातलं एकच दाखवतात, जर-तरचं: ‘इफ ही हॅड नोन, ही वुड हॅव क्लोज्ड द डोअर’, म्हणजे कळलं असतं तर लावलं असतं, कळलं नाही, लावलं नाही. दुसरं घर अंदाजाचं. दुपारी कुणाचा तरी फोन येऊन गेला असं कळलं आणि इंग्रज म्हणाला, ‘दॅट वुड हॅव बीन माय ब्रदर’, तर तो भाऊच असणार असं त्याला म्हणायचं असतं. सवयीवरून, परिस्थितीवरून काढलेला तर्क. जर-तर तिथे नाही आणि नकार तर मुळीच नाही. मॅडमचं वाक्य या दुसऱ्या घरातलं. गोषवारा करणाऱ्याने ते पहिल्या घरात नेऊन ठेवलं, कारण त्याच्या ओळखीचं तेवढंच होतं.

चूक नव्हतं म्हणजे योग्य होतं असं मात्र नाही. अंदाजाचं ‘वुड हॅव’ अहवालात निसरडं असतं, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांमध्येसुद्धा. साक्षीदार ‘आय वुड हॅव लॉक्ड इट’ म्हणाला की उलटतपासणी घेणारा वकील तिथेच हटकतो: तुम्हाला लावल्याचं आठवतंय, की नेहमी लावता म्हणून तसं म्हणताय? ऑपरेटरने हा फरक न विचारताच सांगितला होता. सवय आहे, विशिष्ट आठवण नाही. अहवालात दोन सरळ वाक्यं पुरली असती: रोज अकराला दार लावण्याची त्याची सवय आहे, त्या रात्री लावल्याचं त्याला स्वतंत्रपणे आठवत नाही. एका ‘वुड हॅव’मध्ये दोन्ही कोंबल्यावर वाचणाऱ्याला त्यातलं काय मिळेल याचा भरवसा उरत नाही.

हे असं का होतं, याचं उत्तर या क्रियापदांच्या घडणीत आहे. त्यांना स्वतःचा असा भूतकाळ जवळजवळ उरलेलाच नाही. कुड, वुड, शुड, माइट ही एकेकाळी कॅन, विल, शॅल, मे यांचीच भूतकाळी रूपं. मस्टची तऱ्हा आणखी निराळी. ते जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूपच होतं, पुढे वर्तमानात येऊन बसलं आणि मागे भूतकाळासाठी काही ठेवलं नाही. काळाच्या ओघात बाकीचीही रूपं शक्यता, सौजन्य, सल्ला अशा कामांना लागली. मग भूतकाळ दाखवायचा तर तो पुढच्या शब्दांवर टाकावा लागतो: ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. म्हणजे ‘हॅव क्लोज्ड’ एवढंच सांगतं की गोष्ट मागची आहे. ती घडली, घडली असावी, घडायला हवी होती की घडता घडता राहिली, हे सगळं ओझं त्याच्या आधीच्या एका छोट्या शब्दावर. त्यात बोलताना ‘हॅव’ इतका दबतो की नुसता ‘शुडव’, ‘कुडव’ ऐकू येतं. खुद्द इंग्रजी बोलणारेही घाईत ‘शुड ऑव्ह’ असं लिहून बसतात.

मराठीत याची उलट सोय आहे. केलं असेल, केलं असणार, केलं असावं, केलं असतं, करायला हवं होतं, करता आलं असतं, करावं लागलं: प्रत्येकाचा चेहरा वेगळा. आपण त्यांची गल्लत करत नाही. म्हणूनच इंग्रजीतून मराठीत येताना जास्त जपावं लागतं. इंग्रजी वाक्य दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहू शकतं, मराठी रूप मात्र लगेच बाजू घेतं. गोषवारा करणाऱ्याला ‘असतं’ किंवा ‘असणार’ यांतलं एक निवडणं भागच होतं आणि निवडायला आधार अहवालात नव्हता. त्याने मॅडमना एक फोन करायला हवा होता.

परिच्छेदातलं दुसरं घातक वाक्य होतं, ‘समवन कुड हॅव ओपन्ड द डोअर आफ्टर मिडनाइट.’ गोषवाऱ्यात, ‘मध्यरात्रीनंतर कोणीही दार उघडू शकलं असतं.’ मॅडमच्या मनात होतं, कुणीतरी उघडलंही असेल, तेही तपासा. बैठकीत त्याचा अर्थ झाला, दार कुलूपबंद नव्हतं, सुरक्षेत ढिलाई होती. आणि विम्याच्या माणसाने तिसरंच विचारलं: ‘म्हणजे उघडण्याची संधी होती, पण उघडलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे ना?’ तिघंही व्याकरणाला धरून होते. ‘कुड हॅव’ म्हणजे एक तर शक्यता, घडलं की नाही ठाऊक नाही. नाही तर हुकलेली क्षमता, जमण्यासारखं होतं, केलं नाही. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ यात दुसरा अर्थ आणि वर थोडा राग. कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्य सांगत नाही, आजूबाजूचा मजकूर सांगतो. इथे आजूबाजूला तसं काहीच नव्हतं. शक्यताच म्हणायची होती तर ‘मे हॅव ओपन्ड’ लिहून वाद तिथेच संपला असता, कारण ‘मे हॅव’मध्ये हुकलेल्या संधीचा अर्थ सहसा शिरत नाही.

अलार्मचं वाक्य मला सगळ्यांत शिकवणारं वाटतं. ‘द अलार्म शुड हॅव साउंडेड विदिन टेन मिनिट्स.’ गोषवाऱ्यात ‘दहा मिनिटांत’ गळालं आणि उरलं, ‘अलार्म वाजायला हवा होता.’ वाचणाऱ्यांनी धरून चाललं की अलार्म वाजलाच नाही. प्रत्यक्षात तो वाजला होता, पण उशिरा. तापमापकाच्या नोंदीनुसार उणे १५ अंशांची मर्यादा १२.५० ला ओलांडली गेली आणि अलार्म झाला १.५० ला. ‘शुड हॅव’ बहुतेक वेळा ‘तसं झालं नाही’ हे न बोलता सांगतं. मात्र काय झालं नाही, वाजणं की वेळेत वाजणं, हे वाक्यातल्या एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या शब्दावर ठरतं आणि गोषवारा करताना पहिला बळी अशाच शब्दांचा जातो.

त्याच्याही खाली आणखी एक प्रश्न. ‘शुड हॅव’ म्हणजे कुणाचं तरी कर्तव्य चुकलं, की आपली अपेक्षा चुकली? ‘ही शुड हॅव कॉल्ड’ हा ठपका. ‘द ट्रेन शुड हॅव लेफ्ट बाय नाऊ’ यात ठपका नाही, एव्हाना सुटली असेल असा हिशेब आहे. अलार्म तर यंत्र, त्याला कर्तव्य कसलं? पण यंत्राबद्दलचं ‘शुड हॅव’ फार लवकर कुणा माणसाच्या अंगावर जाऊन पडतं, इथे देखभाल विभागाच्या पडलं. त्यांनी कार्यपद्धतीची पुस्तिका पुढे केली. तीत लिहिलेलं, ‘द अलार्म डिले शुड बी सेट टू टेन मिनिट्स.’ प्रत्यक्षात विलंब ६० मिनिटांवर ठेवलेला होता. दिवसा नमुने काढताना दार वारंवार उघडतं, अलार्म सारखा ओरडतो, म्हणून कुणीतरी कधीतरी वाढवलेला. देखभालवाल्यांचं म्हणणं, ‘शुड’ लिहिलंय, ‘शॅल’ नाही. म्हणजे सूचना, सक्ती नव्हे.

हा युक्तिवाद पळवाटेचा वाटतो, पण तांत्रिक लिखाणात तो बिनबुडाचा नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची मानकं लिहिण्याचे जे नियम आहेत त्यांत ‘शॅल’ म्हणजे पाळलीच पाहिजे अशी अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता, अशी वाटणी ठरवून दिलेली आहे. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठीही आरएफसी २११९ हा कागद मार्च १९९७ मध्ये निघाला, त्यात ‘मस्ट’ म्हणजे बिनशर्त आणि ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर, परिणामांचा विचार करून, बाजूला ठेवता येण्यासारखं. पण हीच शिफारस मोडल्यावर भूतकाळात काय होते ते बघा. ‘शुड बी सेट’ हा सल्ला, तर ‘शुड हॅव बीन सेट’ हा जवळजवळ आरोप. वर्तमानात मऊ असलेला शब्द मागे वळून वापरला की कडक होतो. पुस्तिका लिहिणाऱ्याने सल्ला दिला, अहवाल लिहिणाऱ्याने दोष काढला, शब्द दोघांचाही एकच.

बाकीची वाक्यं त्या मानाने लवकर निकालात निघाली, तरी प्रत्येकात काही ना काही होतं.

‘द कॉम्प्रेसर मस्ट हॅव ट्रिप्ड.’ म्हणजे थंड करणारं यंत्र आपोआप बंद पडलं असणार. आपल्या कानाला ‘मस्ट’ ठणठणीत वाटतो, म्हणून बैठकीत हे अहवालातलं सर्वांत पक्कं विधान समजलं गेलं. उलट आहे. ‘इट ट्रिप्ड’ हे विधान, ‘इट मस्ट हॅव ट्रिप्ड’ हा तर्क. कितीही जोरदार असला तरी न पाहिलेल्या गोष्टीचा. इंजिनिअरने तर सकाळी ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त भार आला की यंत्र बंद पाडणारा भाग, ट्रिप झालेल्या अवस्थेत डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे मॅडमनी जोर द्यायला म्हणून ‘मस्ट’ घातला आणि हातातला पुरावा अंदाजाच्या पायरीवर आणून ठेवला. जाता जाता एक: ‘मस्ट हॅव’ म्हणजे ‘करावं लागलं’ नव्हे. त्यासाठी ‘हॅड टू’. ‘ही मस्ट हॅव पेड’ म्हणजे त्याने पैसे दिले असणार; ‘ही हॅड टू पे’ म्हणजे द्यावे लागले. अर्ज-विनंत्यांत ही गल्लत नेहमी दिसते.

‘द बॅकअप युनिट वुडन्ट स्टार्ट.’ याचा मराठी अवतार होता, ‘बॅकअप युनिट सुरू झालं नसतं.’ म्हणजे कुणी प्रयत्नच केला नाही, नुसतं धरून चालले! ऑपरेटर बिचारा बटण दाबदाबून थकला होता. इथल्या ‘वुडन्ट’मध्ये जर-तर नाही, हट्ट आहे. प्रयत्न करूनही दाद न देणं. आपल्याकडे याला इतकं नेमकं रूप आहे की इंग्रजीने हेवा करावा: युनिट सुरू होईना. ‘सुरू झालं नाही’ म्हटलं तर केलेली धडपड हरवते, ‘होईना’ म्हटलं की ती आत आलीच.

‘द शिफ्ट इन्चार्ज कुड रीच द इंजिनिअर ॲट टू.’ दोन वाजता फोन लागला, एवढंच सांगायचं होतं. पण भूतकाळात एकदाच घडलेल्या, साध्य झालेल्या गोष्टीला इंग्रजी ‘कुड’ लावत नाही. ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागतं. ‘कुड’ साधारण क्षमतेला: ‘शी कुड स्विम ॲट फाइव्ह.’ विम्याच्या माणसाने साहजिकच विचारलं, संपर्क होऊ शकत होता, तर केला का? नकारात मात्र ही अडचण नाही, ‘कुडन्ट रीच’ म्हणजे सरळ फोन लागला नाही. होकार आणि नकार यांची वागणूक अशी वेगळी असेल हे शिकणाऱ्याच्या ध्यानात येणं कठीण, कारण आपल्या ‘शकला’ला असं काही पथ्य नाही.

‘द सेकंड रॅक नीडन्ट हॅव बीन मूव्हड्.’ म्हणजे हलवला, पण उगाच. खरं तर तो जागचा हललाच नव्हता. आतल्या कोपऱ्यात तापमान मर्यादेत राहिलं होतं. ‘डिडन्ट नीड टू बी मूव्हड्’ हवं होतं. या एका चुकीपायी हाताळणीत काही सांडलं-फुटलं का, अशी चार प्रश्नांची यादी विम्याकडून आली.

आणि शेवटचं, ‘इफ द अलार्म हॅड साउंडेड ऑन टाइम, द फर्स्ट रॅक मे हॅव बीन सेव्हड्.’ ‘मे हॅव’ म्हटलं की रॅक वाचला की नाही हे अजून कळायचंय, असा सूर लागतो. तो तर टाकून दिलेला. घडून गेलेल्या, बदलता न येणाऱ्या गोष्टीच्या जर-तरला ‘माइट हॅव’ हवं. बरेच इंग्रजी लिहिणारे आता सर्रास एकाच्या जागी दुसरं वापरतात, पण दाव्याच्या कागदावर मी हा फरक पाळतो.

मेमो मागे घेतला गेला तो मात्र व्याकरणामुळे नव्हे. दाराच्या चौकटीला एक स्विच होता आणि त्याची नोंद तापमापकाच्या यंत्रणेत न जाता प्रवेशनियंत्रणाच्या पॅनेलवर साठत होती. ती कुणी काढली नव्हती, कारण माणसाने कबूल केलंय म्हटल्यावर काढायची गरज वाटली नाही. ‘लावलं असतं’ आणि ‘लावलं असणार’ हा वाद मी कागदावर मांडला तेव्हा प्रश्न पहिल्यांदा उघडा झाला, की मग लावलं होतं की नव्हतं? नोंद काढली. ११.०४ ला दार बंद. त्यानंतर थेट १.५२ ला उघडलेलं, म्हणजे अलार्म ऐकून ऑपरेटर आत शिरला तेव्हा. तापमानाची रेषाही तेच सांगत होती: दार उघडं राहिलं तर तापमान झपकन चढतं, इथे ते हळूहळू सरकत गेलेलं, थंड करणारं यंत्र बंद पडल्यावर सरकतं तसं.

नव्या अहवालात पहिल्या वाक्यातून ‘वुड’ गेलं. ‘द डोअर वॉज क्लोज्ड ॲट ११.०४’ आणि पुढे स्विचच्या नोंदीचा क्रमांक. मध्यरात्रीनंतर, अलार्मच्या आधी, कुणी उघडल्याचं वाक्य ‘कॅन्ट हॅव बीन ओपन्ड’ असं करावं असा माझा आग्रह होता, कारण हा नोंदीवरून काढलेला निष्कर्ष आहे आणि ‘मस्ट हॅव’चा नकार इथे ‘कॅन्ट हॅव’नेच होतो. इंजिनिअर म्हणाले, स्विच बिघडलेला असू शकतो, ‘वॉज नॉट रेकॉर्डेड ॲज ओपन्ड’ एवढंच लिहा. त्यांचं बरोबर होतं, तेच ठेवलं. रिलेसाठी ‘वॉज फाउंड ट्रिप्ड’, बॅकअपसाठी ‘फेल्ड टू स्टार्ट’ आणि किती वेळा प्रयत्न केला तो आकडा. अलार्मच्या वाक्यात ‘शुड हॅव’ तसंच राहू दिलं, पण त्याआधी दोन गोष्टी लिहून: कोणत्या वेळी तो वाजला आणि दहा मिनिटांची अपेक्षा कुठल्या कागदावरून आली. मे-माइटचं वाक्य सगळंच काढलं; रॅक वाचला असता का, हे ठरवणं अहवालाचं काम नव्हतं आणि विम्याने ते विचारलंही नव्हतं.

विमा कंपनीने पुढे एकच स्पष्टीकरण मागितलं, विलंब ६० मिनिटांवर कुणी नेला. त्याचं उत्तर कुठल्याच नोंदीत सापडलं नाही. पुस्तिकेतल्या त्या ओळीत ‘शुड’च्या जागी ‘शॅल’ आलं आणि देखभाल विभागाने त्याच आठवड्यात विलंब दहा मिनिटांवर आणला. दिवसपाळीने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली की अलार्म सारखा वाजतो.